चौथ्याला एक वर्ष कमी

बाळ राहिलं नाही.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. आमच्या घरात तसं काही झालेलंच नाही. आईला विचारलंत तर ती आधी तुम्हाला चहा देईल, मग बशी पुसत म्हणेल, "कुठलं बाळ?"

तर मार्च दोन हजार नऊमधला एक मंगळवार. मिरजेतल्या एका दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. माझा थोरला भाऊ धैर्यशील, म्हणजे दादा. त्याची बायको सुवर्णा, म्हणजे वहिनी. आणि मी सत्यजित, वय एकवीस, बी. कॉम.च्या दोन विषयांत अडकलेला, तात्पुरता हुद्दा ड्रायव्हर. बाहेर आमचा टेम्पो उभा होता. त्याच्या पाठीवर मी स्वतः रंगवलं होतं : 'एका दिवसाची पिल्ले आहेत, कृपया हॉर्न वाजवू नये.' परिणाम एवढाच झाला, की मागून येणारा प्रत्येक जण वाचायचा आणि हॉर्न वाजवायचा.

विट्याच्या अलीकडं आमची हॅचरी आहे. यंत्रात अंडी घालायची, एकवीस दिवस ऊब द्यायची, पिल्लं निघाली की त्यांना लस टोचायची. टोचायचं काम दादाचं. डाव्या हातात पिल्लू, उजव्या हातात पिस्तुलासारखी सुई, तासाला हजारभर माना. बघणाऱ्याला वाटावं, माणसाला भीती म्हणून काही ठाऊकच नाही.

वहिनीचं काम अंधाऱ्या खोलीत. तिथं एका पत्र्याच्या डब्यात दिवा होता आणि डब्याला वरून भोक. भोकावर अंडं धरलं की आतलं दिसतं. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जिवंत. नुसता पिवळा उजेड आला तर रिकामं. आत एक गोल काळपट कडं दिसलं, तर सुरुवात झाली होती पण आतच गेलं. वहिनी त्या खोलीत तीनच शब्द बोलायची. "आहे." "नाही." "होतं." मी शेजारी तीन ट्रे घेऊन बसायचो आणि ती सांगेल तसं ठेवायचो. एका अंड्याला तिला दोन सेकंद लागायचे. चूक कधी नाही.

वहिनीची स्वतःची तीन झाली होती. तिन्ही 'होतं'. पाच साली एक, सहा साली एक, आठ साली एक.

आमच्या घरात याची एक पद्धत होती. दवाखान्यातून वहिनी परत यायच्या आत आई भिंतीवरचं कॅलेंडर काढून टाकायची, कारण त्याच्यावर डॉक्टरांच्या तारखांना गोल केलेले असायचे. त्या जागी त्याच सालाचं दुसरं, कोरं लावायची. ऑक्टोबरात चालू सालाचं कॅलेंडर मागत फिरणारं विट्यात आमचं एकच घर असेल. मग रोजच्यासारखी भाकरी, रोजच्यासारखं कालवण, आणि जेवताना खाद्याचे दर. तिसऱ्या वेळी वहिनीनं विचारलं होतं, "मग मला झालं काय होतं आत्या?"

"अंगात कडकी होती," आई म्हणाली.

त्या मंगळवारी डॉ. कागवाडकर बाईंनी आम्हाला तिघांनाही आत बोलावलं. मी ड्रायव्हर आहे असं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "बसा हो, खुर्ची आहे."

"हे बघा," त्या वहिनीला म्हणाल्या, "बाळ निम्मं तुमचं, निम्मं यांचं. तुमच्या शरीराच्या दृष्टीनं यांचं निम्मं परकं. परकं दिसलं की शरीर काय करतं?"

"मारतं," दादा म्हणाला. पिल्लांमुळं त्याला एवढं माहीत होतं.

"बरोबर. पण गर्भारपणात मारत नाही. आणि झोपलेलं असतं म्हणून नव्हे. टक्क जागं असतं. त्यातल्या काही पेशींचं कामच मुळी राखणीचं. बाकीच्या धावून आल्या की या मधे उभ्या राहतात. थांबा, म्हणतात, हा आपला आहे. तुमच्यात ती ओळख पटत नसावी, असा माझा अंदाज आहे."

"अंदाज?" वहिनी म्हणाली.

"अंदाजच. सगळ्या तपासण्या तर चांगल्या आल्यात. सगळं चांगलं आल्यावर जे उरतं, त्याला आम्ही अंदाज म्हणतो."

मग त्यांनी उपाय सांगितला. दादाचं रक्त काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या आणि वहिनीच्या हातावर कातडीखाली टोचायच्या. महिन्याच्या अंतरानं तीन वेळा. म्हणजे नवरा आधी थोडा थोडा शरीराला भेटून येतो. पुढं बाळाच्या अंगात तोच चेहरा दिसला की शरीर बिचकत नाही.

"मंजी लसच की," दादा म्हणाला.

"उलटी लस. तुमची लस मारायला शिकवते. ही सोसायला शिकवते."

"आन् गुण येतो?"

"काहींना आलाय असं मी पाहिलंय. काही डॉक्टर म्हणतात, हिचा काही उपयोग नाही. तुम्हाला खोटी आशा लावणार नाही मी."

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती म्हणाली, "चालंल. पण हे शेवटचं. ह्याच्यानंतर मी त्या बाकावर येऊन बसायची न्हाय."

दादानं मान हलवली. ती जरा जास्तच वेळ हलत राहिली.

बाहेर रक्त काढणाऱ्या जमादार नावाच्या माणसानं पुकारा केला, "धैर्यशील मुळीक!" दरवाजा उघडा होता. टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये सुई, सुईच्या मागं भली मोठी नळी. दादानं ते सगळं एकदा क्रमानं बघितलं आणि म्हणाला, "लघवीला जाऊन आलो."

दहा मिनिटांनी मी त्याला शोधायला गेलो. रसवाल्याच्या गाड्यापाशी तो ग्लास धरून उभा होता. ग्लास भरलेला होता आणि त्यातला रस आपोआप हिंदकळत होता.

"दादा, नाव पुकारलंय."

"सत्या, तू दे."

"काय देऊ?"

"रक्त. तुझा ग्रुप कुठला?"

"बी पॉझिटिव्ह."

"माझाबी तोच. मग झालं की."

"काय झालं? बायको तुझी हाय दादा."

"आरं पर रक्त तर एकाच आईचं हाय न्हवं? बाहेरच्या कुणाचं देतोय व्हय आपण?" त्यानं ग्लास गाड्यावर ठेवला. "ती तीनदा त्या आतल्या टेबलावर झोपून आली. एकदा रडली न्हाय माझ्यासमोर. आन् मी एका सुईला पडलो तर? तिनं काय बघायचं माझ्याकडं?"

खरं सांगायचं तर ग्रुप एक म्हणजे रक्त एक, हे मलाही पटलं होतं. आम्ही कोंबड्यांची माणसं. एका जातीच्या दहा हजार पिल्लांना आम्ही एकाच बाटलीतली लस देतो.

मी आत जाऊन बसलो.

"धैर्यशील मुळीक?"

"हजर."

"वय?"

"एकतीस."

जमादारनं चष्म्यावरून पाहिलं. "एकतीस? चांगलं राखलंय."

"अंडी खातो."

तो हसला आणि सुई घातली. मग एक कागद पुढं सरकवला. 'पतीची सही' असं लिहिलं होतं, तिथं मी 'धै. मुळीक' अशी सही ठोकली. आईनं थोरल्याचं नाव धैर्यशील ठेवलं आणि धाकट्याचं सत्यजित. दोन्ही नावं एका सहीत खपली.

दुपारी वहिनीच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला सहा ठिकाणी टोचलं. डास चावल्यासारख्या सहा गांधी, दोन ओळींत. परतताना ती टेम्पोत आमच्या दोघांच्या मधे बसली होती. हात मांडीवर उताणा. ऊन असं की डांबर मऊ झालेलं.

"भावजी, एवढ्या उन्हात फुल बाह्या?" ती म्हणाली.

"फॅशन हाय वहिनी."

तिनं माझ्या बाहीकडं पाहिलं. मग दादाच्या हातांकडं. त्यानं अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. मग ती तासगाव येईपर्यंत समोर बघत राहिली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

एप्रिलमध्ये मी पुन्हा धैर्यशील झालो, मेमध्ये पुन्हा, आणि वहिनीला दोन्ही वेळा त्याच सहा जागी टोचलं. माणसाला कशाचीही सवय होते. मेमध्ये जमादारनं विचारलं, "मुळीक, काय करता?" तर मी म्हणालो, "लसी टोचतो, तासाला हजार." हे सांगताना मला चक्क अभिमान वाटला.

जूनमध्ये निकालाची तपासणी होती. वहिनीचं रक्त आणि नवऱ्याच्या पेशी एकत्र करून बघायचं, ओळख पटली का. त्यासाठीही नवऱ्याच्या पेशी लागतातच. त्याही मीच दिल्या. आता मधेच खरा नवरा आणून उभा केला असता, तर तो तोतया ठरला असता.

डॉक्टरीण बाई कागद घेऊन उठून उभ्या राहिल्या. त्यांनी दादाचा हात हातात घेऊन हलवला. "अभिनंदन मुळीक. ओळख पटली. चांगली पटली."

दादा आणि मी बाहेर आलो आणि पाय आपोआप रसवाल्याकडं वळले.

"ओळख पटली म्हणत्यात," दादा म्हणाला.

"कुणाची, दादा?"

त्यानं रसवाल्याला दोन बोटं दाखवली.

"कागदावर तू आहेस. नळीत मी होतो."

"आपल्यात फरक कितीसा असंल?"

"माहीत नाही. विचारूया आत जाऊन?"

"विचारलं तर परत पहिल्यापासनं. तीन महिने. परत सहा सहा टोचण्या तिला." त्यानं कपाळ पुसलं. "पर सांगाय पायजे."

"सांगूया."

"सांगूयाच."

आम्ही दोन दोन ग्लास रस प्यायलो, कारण एका ग्लासात धीर आला नाही. मग निर्धारानं आत गेलो. वहिनी बाकावरून उठून खिडकीपाशी उभी होती. तिनं तो निकालाचा कागद दोन्ही हातांनी उजेडावर धरला होता, अंडं धरते तसा. आम्हाला बघून ती हसली. वर्षभरात मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"आहे," ती म्हणाली.

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी टेम्पोची किल्ली शोधायला लागलो. ती माझ्या हातातच होती.

सप्टेंबरात वहिनीला दिवस राहिले. आईनं कॅलेंडरवर गोल केले, पेन्सिलीनं. तिसरा महिना गेला. चौथा गेला. माझी अवस्था चमत्कारिक होती. माझ्या पेशी कामावर होत्या. माझ्या भरवशावर तिथं कुणीतरी कुणालातरी 'थांबा, हा आपला आहे' म्हणत होतं. मी गुटखा सोडला. तिथल्यांना वाईट वळण लागू नये. लवकर झोपायला लागलो. अडकलेले दोन्ही विषय सुटले. आई म्हणाली, "सत्याला अक्कल आली, बाळाचा पायगुण." दादा जेवता जेवता उठून गेला.

पाचव्या महिन्यात वहिनी अंधाऱ्या खोलीत बसायची, पण स्टूल मागं घेऊन, पोटाला डबा लागू नये म्हणून. एकदा तिनं टॉर्च घेतली आणि साडीवरूनच पोटाला लावली.

"दिसतंय का भावजी?"

"दिवा कमी पडतोय वहिनी. हॅलोजन आणू का?"

"नको, डोळं दिपतील त्याचं."

त्याचं, म्हणाली. मला ते फार आवडलं.

जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही एक खेप तपासत होतो. ती बोलत होती, मी ठेवत होतो. आहे. आहे. नाही. आहे. होतं. आहे. मग ती थांबली. मला वाटलं, दुसरा ट्रे ओढतेय. डब्याच्या भोकातून उजेडाचा एक खांब छतापर्यंत गेलेला.

"होतं," ती म्हणाली.

मी हात पुढं केला. भोकावर अंडं नव्हतं.

विट्यातल्या डॉक्टरांनी मिरजेला न्या म्हणून सांगितलं. त्या दिवशी पुऱ्या रस्त्याला मीच हॉर्न वाजवत गेलो.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. जानेवारी असल्यामुळं कॅलेंडराची अडचण आली नाही. खतवाल्यांनी फुकट वाटलेलं एक घरात होतंच. ते लागलं होतं. आईनं भाकऱ्या केल्या होत्या. आम्ही जेवायला बसलो. आईनं खाद्याचे दर विचारले, दादानं सांगितले.

वहिनी म्हणाली, "आत्या, कुणी कायच बोलणार न्हाय का?"

"काय झालंच न्हाय तर काय बोलायचं?" आईनं तिच्या ताटात आमटी वाढली. पळी परत पातेल्यात ठेवली. मग कुणाकडंच न बघता म्हणाली, "माझीबी दोन झाली न्हाईत. धैर्याच्या आधी."

दादानं आणि मी एकमेकांकडं पाहिलं. एकतीस आणि एकवीस वर्षं आम्ही त्या बाईच्या हातचं खात होतो.

"खावा," आई म्हणाली.

त्याच साली मी परीक्षा देऊन तहसील कचेरीत लिपिक लागलो, दुसऱ्या तालुक्यात. मागूनच घेतला तो तालुका. माझ्या टेबलाला रहिवासाचे आणि अधिवासाचे दाखले आहेत. अर्ज तपासायचा, पुरावे बघायचे, त्रुटी काढायच्या. त्रुटी काढण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. फक्त जन्मवर्ष दोन हजार दहा असलेला अर्ज आला, की मी आधी बापाच्या सहीकडं बघतो. का बघतो, सांगता येत नाही. ती त्याचीच असते.

घरी दिवाळीला जायचो. सकाळी पोचायचं, संध्याकाळी निघायचं. दादाच्या खोलीतली भिंत दर वर्षी थोडी थोडी भरत चालली होती. रक्तदान शिबिराची प्रमाणपत्रं. तीन महिने भरले की जिल्ह्यात जिथं मांडव असेल तिथं दादा जातो. झोपतो, सुई घालून घेतो आणि बेशुद्ध पडतो. दर वेळी पडतो. आयोजक आता त्याला ओळखतात. एक माणूस कांदा घेऊन आधीच उभा असतो. चौदा वर्षांत एकदाही दादा शुद्धीत असताना पिशवी भरलेली नाही, आणि एकही खेप त्यानं चुकवलेली नाही. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. मीही विनोद केला नाही, आणि विनोद होण्यासारखं तर होतं.

गेल्या मे महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी रजा काढून चार दिवस घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीनं हाक मारली. "भावजी, आज कामाची बाई आली न्हाय. ट्रे धरा जरा."

खोली तीच. डबाही तोच, फक्त दिवा नवा, पांढरा. मी तीन ट्रे पुढं घेऊन बसलो.

"आहे. आहे. नाही," वहिनी म्हणाली. मग त्याच आवाजात, "भावजी, ते रक्त तुमचं होतं न्हवं?"

मी हातातलं अंडं चुकीच्या ट्रेमध्ये ठेवलं.

"ते 'आहे'मधी ठेवा," ती म्हणाली. मी ठेवलं.

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तुमच्या फुल बाह्या, आन् ह्यांचे दोन्ही हात कोरे. आन् नाव पुकारलं तवा खिडकीतनं दिसत होतं की. रसाच्या गाड्याला धरून उभे होते."

"मग तुम्ही बोलला का नाही वहिनी?"

"काय बोलू? नवरा भ्यालाय, दीर आलाय, म्हणून सांगू डॉक्टरणीला?" तिनं एक अंडं उचललं, उजेडावर धरलं. "आहे. ते मला दिसू नये म्हणून एवढं करत होते. म्हटलं, ऱ्हाऊ दे. तेवढं झाकून ऱ्हाऊ दे त्यांचं. आन् मलाबी वाटलं, एकाच आईचं रक्त. चालत असंल."

म्हणजे तिघांनीही एकच चूक केली होती, आणि आम्ही दोघांनी तिच्यापासून, तिनं आमच्यापासून, ती पंधरा वर्षं लपवली होती.

"तुमच्या रक्ताचं टोचलेलं हे अजून हाय," ती म्हणाली आणि हात दिव्याच्या उजेडात आणला. सहा फिकट डाग, दोन ओळींत. "तुम्ही यायचा असला की खाजतंय. दिवाळीला सकाळी खाजलं की मी दोन भाकरी जास्त टाकते."

तिथं अंधार होता, त्याचा फायदा झाला.

"मागल्या साली मी मिरजेला गेल्ते," ती पुढं म्हणाली. "कागवाडकर बाई आता घरीच असत्यात. गुडघं गेलेत. त्यांना सगळं सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"आधी हसल्या. लई हसल्या. मग चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, सुवर्णा, ती सुई आता कुणी देत न्हाय. मोठ्या तपासण्या झाल्या म्हणे. कुणाला पेशी टोचल्या, कुणाला नुसतं मिठाचं पाणी. सारखंच निघालं. तुझ्या नवऱ्याचं असतं तरी हेच झालं असतं म्हणाल्या."

चौदा वर्षं मी एका खुनातला फरारी होतो, आणि आता कळत होतं की खून झालाच नव्हता. आमच्या घरचं सगळंच असं.

"दादाला सांगितलं?"

"न्हाय. आन् तुम्हीबी सांगू नका. रक्त देत्यात, कुणाला तरी लागतंच की." तिनं पुढचा ट्रे ओढला. दोन-तीन अंडी नुसतीच बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बाईंनी अजून एक सांगितलं. बाळ पोटात असतं तवा त्याच्या पेशी आईत उतरत्यात. बाळ गेलं तरी त्या जात न्हाईत. रक्तात ऱ्हात्यात, हाडात, काळजात. वीस वीस, तीस तीस वर्षं सापडल्यात म्हणे."

"आणि शरीर त्यांना मारत नाही?"

"न्हाय."

"का?"

"आता एवढ्या वर्षांची ओळख." दिव्याच्या उजेडात तिची हनुवटी तेवढी दिसत होती. "मंजी चौघं हाईत भावजी. कुठं गेली न्हाईत. मी उगंच होतं होतं म्हणत बसले."

यंत्राची घरघर भिंतीपलीकडून येत होती. मला अचानक वाटलं, खोलीत आपण दोघंच नाही. भीती नाही वाटली. पण मी पाय आखडून घेतले, कुणावर पडू नये म्हणून.

"आत्यांनाबी सांगितलं मी," वहिनी म्हणाली. "तुमची दोन कुठं गेली न्हाईत म्हणून."

"काय म्हणाली आई?"

"चहा केला. निम्मा प्याल्या. मग म्हणाल्या, त्यातल्या थोरल्याचं नाव काय ठेवायचं ठरलं होतं ते आठवंना गं मला."

बाहेर दादाचा आवाज आला, कुणाला तरी पिल्लं मोजून देत होता. वहिनीनं दिव्यावर हात ठेवला. खोली तांबूस झाली.

"भावजी, तुम्ही दाखले देता न्हवं? राहण्याचे?"

"देतो."

"किती वर्षं ऱ्हावं लागतं?"

"अधिवासाला पंधरा. सलग."

"पहिलं पाच सालचं."

"बसतंय."

"दुसरं सहाचं. तिसरं आठचं."

"बसतात वहिनी. तिन्ही बसतात."

"चौथं दहाचं."

मी हिशेब केला. दोनदा केला. माझ्या टेबलाची सवय अशी, की आकडा दिसला की त्रुटी दिसते. "एक वर्ष कमी पडतंय," मी म्हणालो. आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, जे मी रोज पन्नास जणांना म्हणतो ते. "पुढच्या वर्षी या."

"त्याला समदी तसंच म्हणत आली," वहिनी म्हणाली. "बघा की सायेब, काय तर जमवा."

ती हसत होती का, ते अंधारात कळलं नाही.

सोमवारी कामावर हजर झालो आणि अर्ज लिहिला. माझ्याच टेबलाला आला. मीच आवक क्रमांक टाकला. जुनी सवय म्हणून एक त्रुटी आधीच नोंदवली : पूर्वी पतीच्या जागी केलेली सही ही पतीची नव्हती. या अर्जाखाली सही माझीच आहे, पूर्ण नावानं. सहा महिने झाले, तो मा. तहसीलदार साहेबांच्या टेबलावर आहे, वरून तिसरा. मजकूर असा :

विषय : चार व्यक्तींना अधिवासाचा दाखला मिळणेबाबत.

महोदय, सविनय सादर करण्यात येते की, सदर चौघे हे सौ. सुवर्णा धैर्यशील मुळीक यांचे ठायी अनुक्रमे सन २००५, २००६, २००८ व २०१० पासून सलग व शांततेने वास्तव्यास आहेत. सदर वास्तव्यास जागामालकांची हरकत नाही. वीजबिल, शिधापत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला उपलब्ध नाही, त्याऐवजी मालकांचे डाव्या हातावरील सहा डाग प्रत्यक्ष पाहणीस खुले आहेत. अनुक्रमांक चार यांचे वास्तव्यास एक वर्ष कमी पडत असून, त्यात त्यांचा कोणताही दोष नाही. तरी विशेष बाब म्हणून एक वर्षाची अट शिथिल करून अनुक्रमांक चार यांना त्यांच्या थोरल्या भावंडांसोबतच दाखला देण्यात यावा, एकट्यास मागे ठेवू नये, ही नम्र विनंती.